दोन वर्षांचा पत्रा

"आणखी वर घेवा. तुमच्या बाजूक कलता तो," कुंदा म्हणाली.

मी हात ताणले. आमच्या डोक्यांवर हिरव्या फायबरचा पत्रा होता. त्याचं एक टोक मी धरलं होतं, दुसरं तिनं. मधोमध, पत्र्याखाली, तिचे वडील दाजी चितारी पाटावर बसून लाकडाच्या आंब्याला रंग देत होते. घाई हा शब्द त्यांनी बहुधा ऐकलाच नव्हता.

"दाजी, हात भरान इले," मी म्हणालो.

"भरांदेत. पत्रो एकदा वर चडलो की चडलो. काय बघूचा ता आत्ताच बघून घेऊक होया."

सावंतवाडीत मामाच्या पत्र्यांच्या दुकानात मी दोन वर्षं काम करत होतो. चोवीस वर्षांचा होतो. गिऱ्हाइकं पत्रा कशी पारखतात ते मला पाठ होतं. कुणी टिचकी मारून बघतं, कुणी वाकवून, आणि नवऱ्याला घेऊन आलेली बाई भाव ऐकून नवऱ्याकडे बघते. पण पत्रा डोक्यावर धरायला लावून खाली कामाला बसणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होतो.

दाजींचं म्हणणं चुकीचं नव्हतं. ते पांगाऱ्याच्या लाकडाची फळं करत. आंबे, पेरू, काजूची बोंडं, सोललेली केळी. लग्नाच्या रुखवतात ठेवायला लोक ती लांबून येऊन नेत. घर अंधारं, म्हणून रंगकाम मागीलदारी, मांडवाखाली. जांभ्याचे चार खांब आणि सागाचे वासे पक्के होते. आच्छादनाचं मात्र कधी जमलं नव्हतं. नारळाच्या झावळ्यांचे विणलेले झाप घातले तर उजेड ठिपक्याठिपक्यांनी यायचा आणि पाऊस धारांनी. आदल्या वर्षी निळी ताडपत्री घातली होती. तिच्याखाली चार महिने रंगवलेले पेरू बाजारात गेले आणि व्यापाऱ्यानं विचारलं, "ह्या पेरवांका कावीळ झाली काय?" निळ्या उजेडात पिवळा कमी वाटला म्हणून दाजी देत गेले होते. सबंध पावसाळ्याचं काम परत आलं. असा आणखी एक पावसाळा गेला असता तर व्यापारी तुटला असता. म्हणून या वर्षी उजेड आत येईल, पाऊस येणार नाही, आणि खिशाला झेपेल असा पत्रा त्यांना हवा होता.

आंबा रंगवून झाल्यावर दाजी उठले, विहिरीच्या काठाशी उन्हात गेले आणि तो फिरवून फिरवून बघू लागले. आंबा लालबुंद झाला होता.

"ह्यो आंबो कोणावर रागावलो हा?" कुंदानं विचारलं.

"हिरवो नको," दाजी म्हणाले. "हिरव्याखाली माका लाल दिसनाच नाय. मी देत ऱ्हवलंय."

"सगळ्यात स्वस्त ह्योच, दाजी. बाजारात सगळ्यांनी ह्योच घातल्यानी."

"ते भाजी इकतत. भाजी हिरवी दिसली तर बराच आसा तेंका." ते पाटावर परत बसले. "माका उजेड होयो, दिगू. उजेडाचो रंग नको."

माझं नाव दिगंबर. दिगू त्यांनी पहिल्याच दिवशी केला.

खरं सांगायचं तर दुकानातले सगळे नमुने मी एकाच खेपेत आणू शकलो असतो. मामाचा टेम्पो होता. मी दर दिवशी एक आणला, तोही सायकलच्या मागे बांधून, वाऱ्याशी झुंजत. मामा म्हणाला, "टेम्पो ने रे." मी म्हणालो, "डिझेल कित्याक जाळूचा?" मामाला माझं कौतुक वाटलं. मला स्वतःची थोडी लाज वाटली, पण फार नाही. कारण नमुना म्हणजे तासभर पत्रा धरून उभं राहणं. आणि पत्र्याच्या त्या टोकाला कुंदा असायची, हात वर, मनगटावर कधी निळा तर कधी केशरी रंगाचा ओघळ, आणि बघायला समोर दुसरं काहीच नाही, फक्त मी.

"मामांकडेच ऱ्हवतलास काय जन्मभर?" तिनं एकदा विचारलं. त्या दिवशी दुधी पत्रा होता.

"नाय. दोन वरसां. मगे माझा स्वतःचा दुकान घालतलंय."

"आणि मगे?"

मगेचं उत्तर माझ्याजवळ होतं. पण स्वतःचं छप्पर नसलेल्या माणसानं ते कोणत्या तोंडानं द्यायचं? मी म्हणालो, "मगे बघूया."

"दोन वरसां काय, अशी जातत," ती म्हणाली आणि मान वळवून आंब्याच्या झाडाकडे बघू लागली.

"पत्रो हलता," खालून दाजी म्हणाले.

दुधी पत्रा उन्हात चांगला निघाला. आंबा नीट आला. मला वाटलं, झालं, संपलं, आता उद्या यायला निमित्त नाही. पण दाजींनी संध्याकाळपर्यंत थांबायला लावलं. उन्हं उतरली तसं त्या पत्र्याखाली माळ्यावरच्यासारखं अंधारून आलं.

"पावसात दिवसभर अशीच सांज असता," ते म्हणाले. "तेवां काय करू? कंदील घेऊन बसू?"

मी तो पत्रा सायकलला बांधला. दुसऱ्या दिवशीची सोय झाली या आनंदात शीळ घालत घरी गेलो.

उरला तो पारदर्शक. तो धरला त्या दिवशी दाजींनी खरा आंबा झाडावरून उतरवून शेजारी ठेवला होता. त्यांनी पिवळा दिला, देठाशी हिरवट छटा दिली, मग खांद्यावर लाली. लालीसाठी ते बोट वापरत, ब्रश नाही. उन्हात दोन्ही आंबे तळहातावर धरून ते उभे राहिले. कुंदानं मला हळूच विचारलं, "खरो खंयचो, सांगा बघू." मी उजवीकडचा म्हणालो. तो लाकडाचा होता.

"ह्यो खरा बोलता," दाजी पत्र्याकडे बघत म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "दिगू, ह्येच्यापेक्षा बरो आसा काय दुसरो? जरा म्हाग पडलो तरी चलात. पण एकदाच काय तो घालूया."

होता. पारदर्शक पत्रे दोन प्रकारचे येत. एकाला वरून उन्हापासून वाचवणारा पातळ थर असतो. तो दहा वर्षं काचेसारखा राहतो. दुसऱ्याला तो थर नसतो. पहिली दोन वर्षं दोन्ही सारखेच दिसतात, मग बिनथराचा पिवळा पडायला लागतो. मी आणला होता तो बिनथराचा. दहा वर्षांच्या पत्र्याचा नमुना मामाच्या टेबलाच्या खणात पडून होता. कोल्हापूरहून मागवावा लागला असता, भाव जरा चढा, पण दाजींना झेपला असता.

मी त्या वेळी हिशेब केला तो वेगळाच. दहा वर्षांचा पत्रा घातला तर दहा वर्षं या मागीलदारी माझं काही काम नाही. दोन वर्षांचा घातला तर दोन वर्षांनी मला बोलवावंच लागेल. तोवर माझं दुकान झालेलं असेल. तेव्हा मी नवे पत्रे घेऊन येईन, आणि पत्र्यांबरोबर दाजींना दुसरंही काही विचारीन. पिवळे पडायच्या आत बदलून देईन, म्हणजे कुणाचं काही बिघडणार नाही. माझ्या मनाला हे इतकं सरळ वाटलं की खोटं बोलताना जीभही अडखळली नाही.

"नाय, दाजी," मी म्हणालो. "ह्योच बरो."

"मगे ह्योच घाल," ते म्हणाले. दुसरा प्रश्न विचारला नाही. ज्या माणसानं चार दिवस हात भरून येईतो पत्रे धरले, त्याच्या शब्दावर कोण संशय घेतो?

पत्रे चढवायला दोन दिवस लागले. शेवटचा हूक आवळून मी शिडीवरून उतरलो तर कुंदा खाली शिडी धरून उभी होती.

"आता तुमचा हयला काम संपला," ती म्हणाली.

"दोन वरसांनी येतलंय. पत्रे बघूक."

"फकस्त पत्रे बघूक?"

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"विसरशात," ती म्हणाली.

"नाय विसरूचंय."

तिनं पदराआडून तो आंबा काढला, पारदर्शक पत्र्याखाली रंगवलेला. "ह्यो न्हेवा. नमुनो म्हणान."

त्यानंतर दोन वर्षं मी मान मोडून काम केलं, आणि स्वतःचं दुकान काही झालं नाही. झालं ते मामाचं दुसरं दुकान, बेळगावला, आणि त्यावर मामानं मला बसवलं. किल्ल्या हातात देताना म्हणाला, "आता शैलाच्या नि तुझ्या लग्नाचा बघूया." शैला त्याची मुलगी. मामाची मुलगी भाच्याला देण्यात आमच्याकडे कुणी विचारायची गरजही समजत नाही. लहानपणापासून सगळ्यांनी धरूनच चाललेलं होतं, मी सोडून. वडील गेल्यावर ज्यानं मला वाढवलं त्याच्यासमोर मला नाही म्हणता आलं नाही. शैलाचा यात काय दोष? ती चांगली बायको आहे. तिच्याबद्दल माझी कसलीही तक्रार नाही आणि कधी नव्हती.

पण सावंतवाडीला मी गेलो नाही. मामाला भेटायचं तर त्यालाच बेळगावला बोलवायचो. दुकानात कुणी पिवळा पडलेला पत्रा बदलायला घेऊन आला की मी दुकानातल्या नोकराला पुढे करायचो आणि गोदामात जायचो. तो आंबा गल्ल्याशेजारी असायचा. लहान मुलं तो खरा समजून हात लावत.

सहाव्या वर्षी मामा आजारी पडला तेव्हा जावंच लागलं. निघताना आंबा पिशवीत टाकला. कशासाठी, ते स्वतःलाही सांगितलं नाही. मामाला बघून झालं, औषधं आणून दिली, आणि पाय आपसूक चिताऱ्यांच्या घराकडे वळले.

दार कुंदानं उघडलं. ती थोडी वाळली होती. गळा रिकामा होता. मी तिकडे बघितलं, आणि मी बघितलेलं तिनं बघितलं.

"येवा," ती म्हणाली. "बाबा मागीलदारी आसत."

मागीलदारी पाऊल टाकलं आणि मी जागच्या जागी थांबलो. मांडवाखालचं सगळं जुन्या वर्तमानपत्रासारखं पिवळं झालं होतं. पाट, भिंत, पाण्याची कळशी, दाजींचा सदरा. दाजी पायरीवर बसले होते. रंगाच्या वाट्या उपड्या घालून कोपऱ्यात रचून ठेवल्या होत्या. बाजूला भोवऱ्यांचा ढीग होता, एकाच लाल रंगाचे.

"कोण? दिगू?" त्यांनी आवाजावरून ओळखलं. "ये रे, बस. मोठो माणूस झालंस म्हणे."

"दाजी, काम खंय आसा?"

"संपला काम. वरस झाला." ते अगदी साधेपणानं म्हणाले. "डोळे गेले. दिसता सगळा, पण रंग समाजना नाय. हय आंबो पिकलेलो दिसता, आणि बाजारात गेल्यावर कच्चो. व्यापाऱ्यान दोनदा परत पाठवल्यान, तिसऱ्या खेपेक इलोच नाय. दोन चष्मे बदललंय. डाक्तर म्हणता डोळे बरे आसत. तेका काय कळता रंगातला? आता कुंदा भोवरे रंगवता. भोवऱ्याक कसलोय रंग चलता."

मी कुंदाकडे बघितलं. ती जमिनीकडे बघत होती.

"दाजी, पत्र्याचा कधी मनात इला नाय?"

"पत्रो?" ते हसले. "पत्रो मी स्वतः पारखून घेतलंय. तुझे हात मोडले मां तेवां? पत्रो खोटा बोलाचो नाय. माणसाचे डोळे म्हातारे होतत."

पत्रा एका दिवसात पिवळा पडत नाही. रोज केसभर पडतो, आणि रोज त्याच्याखाली बसणाऱ्याचे डोळे त्या केसभराला सरावतात. शिवाय त्यांनी पारख केली होती, म्हणून आंबा उन्हात नेऊन बघणंही सोडलं होतं, आणि स्वतःच्या पारखेवर संशय घेण्याआधी त्यांनी स्वतःच्या डोळ्यांवर घेतला. सहा वर्षांपूर्वी त्यांनी मला एक सरळ प्रश्न विचारला होता. त्याचं खरं उत्तर आता तरी द्यायला हवं होतं.

मी त्यांना हाताला धरून विहिरीकडे उन्हात नेलं. पिशवीतला आंबा त्यांच्या एका हातावर ठेवला. परत आलेल्या मालातला एक कुंदाकडून मागून दुसऱ्या हातावर ठेवला. जुना आंबा रसरशीत होता. दुसरा फिका, आजारी माणसासारखा.

"तेवां डोळे होते," दाजी म्हणाले.

"आत्तासुद्धा आसत, दाजी. पत्रो पिवळो पडलो. हेका वर थर नसता, तो दोन वरसांनी पिवळो पडताच. पिवळो पत्र्याचो, तुमका वाटला आंब्याचो. म्हणान तुम्ही कमी देत गेलास." मी मांडवाकडे बोट केलं. "माका तेवांच ठावक होता."

"तुका ठावक होता?"

"होय."

"मी विचारललंय तुका. ह्येच्यापेक्षा बरो आसा काय म्हणान."

"होय."

का, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग मांडवाच्या खांबाला टेकून उभ्या असलेल्या कुंदाकडे, मग पुन्हा माझ्याकडे. मला वाटलं, आता हातातला आंबा फेकून मारतील. मारला असता तर बरं झालं असतं.

"शिडी खंय आसा गे?" त्यांनी विचारलं.

मी वर चढलो. हूक गंजले होते, बोटं सोलवटली. पाटाच्या बरोबर वरचे दोन पत्रे मी सोडवून खाली दिले. कुंदानं ते धरले, पूर्वीसारखेच, हात वर करून. पिवळ्या मांडवात मधोमध एक पांढरा चौकोन पडला. दाजी त्या उन्हात जाऊन पाटावर बसले. थोडा वेळ नुसतेच हात उन्हात धरून बसले.

"पिवळो हाड," ते कुंदाला म्हणाले, आणि तिनं पिवळ्या रंगाची वाटी आणून दिली.

वर्षभरानं ब्रश हातात घेतला होता. पहिले दोन फटकारे त्यांनी पुसून टाकले. मग हाताला ओळख पटली. लालीपर्यंत आले तेव्हा त्यांनी ब्रश ठेवला आणि बोट बुडवलं. आम्ही दोघं दोन खांबांशी उभे होतो. ओला आंबा देठाशी धरून ते विहिरीपाशी गेले आणि आमच्याकडे पाठ करून बराच वेळ उभे राहिले.

"एक वरस," परत आल्यावर ते म्हणाले. "एक वरस मी ब्रश हातात धरूक नाय." रागावलेही नाहीत, रडलेही नाहीत. आंबा सुकायला ठेवला आणि दुसरं लाकूड हातात घेतलं. मी निघतो म्हटल्यावर मान हलवली, पण वर बघितलं नाही.

कुंदा फाटकापर्यंत आली.

"माझ्यामुळे झाला ह्या सगळा," मी म्हणालो. "माका तेवां वाटलेला, पत्रे बदलूच्या निमित्तान परत येऊक मिळतला. दुसरा काय नाय."

"तुमच्या एकट्यामुळे नाय." तिनं फाटकाची कडी हातात धरली होती. "पत्र्यांचे पैसे देऊक मी दुकानात गेल्लंय. तुम्ही नव्हतास. मामांनी खणातसून दहा वरसांचो नमुनो काढून दाखवल्यानी. म्हणाले, ह्यो घे चेडवा, दहा वरसां बघूक नको. मी म्हटलंय, नको. आमका दोन वरसांचोच होयो."

सहा वर्षं मी ते खोटं एकट्याचं समजून बाळगलं होतं.

"मगे पिवळे पडले तेवां?"

"दोन वरसां वाट बघलंय. मगे कळला, तुमचा लगीन झाला." ती अगदी शांतपणे सांगत होती. "बाबा चष्मे बदलीत होते. रोज वाटायचा, आज सांगूया. पण पत्र्याचा सांगूचा तर सगळाच सांगूचा लागला असता. त्यांच्या डोळ्यांदेखत गप ऱ्हवलंय. तुम्ही एक दिवस खोटा बोललास. मी रोज."

मला तिचा हात धरावासा वाटला. इतका वाटला की मी दोन्ही हात पिशवीत घातले. पिशवी रिकामी होती, आंबा दाजींच्या पाटाशी राहिला होता.

"उद्या पत्रे घेऊन येतंय," मी म्हणालो. "ह्या खेपेक दहा वरसांचो घालतंय."

तिनं मागे वळून मांडवाकडे बघितलं. दाजी त्या पांढऱ्या चौकोनात मान खाली घालून बसले होते.

"पंधरा वरसांचो गावता काय?" तिनं विचारलं.

"गावता."

"मगे तो घाला."

दुसऱ्या दिवशी मी मामाच्या दुकानातले पंधरा वर्षांचे पत्रे घातले. शिडी धरायला दाजी स्वतः उभे राहिले. ती आत होती.

त्या पत्र्यांना आता एकोणीस वर्षं झाली. मला अजून कुणी बोलावलेलं नाही.